खाटेखालचा आवाज

लटारू निकुरे धानाच्या बांधीत बैलावर ओरडला की शेजारच्या गावचे बैल वळतात, असं चिमूरकडं सांगतात. यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. त्याच्या घरी वांगं शिजलं की भेंडी हे अर्ध्या गावाला कळतं, कारण तो जेवताना भाजीचं नाव घेऊन बायकोला मीठ मागतो. नवरा-बायकोचं भांडण झालं तर गावाला एकच बाजू ऐकू येते. इंदुबाई काय म्हणाली ते लोक आपापल्या घरी बसून अंदाजानं भरून घेतात, आणि बहुतेक वेळा बरोबर भरतात.

असा आवाज देवानं एका धान पिकवणाऱ्या माणसाला काय म्हणून दिला असेल? तर नाटकासाठी. झाडीपट्टीत धान खळ्यावर आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा गावच्या नाटक कंपन्या ट्रकात पडदे घालून गावोगाव फिरतात आणि चार-पाच हजार माणूस गोधड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतं. लटारूनं अशा नाटकांत एकतीस वर्षं काम केलं. जुलमी पाटील झाला, लाचखाऊ फौजदार झाला, पोरीला घराबाहेर काढणारा बाप तर इतक्यांदा झाला की सासुरवाशिणी त्याला बाजारात पाहून तोंड फिरवायच्या.

पण त्याचं खरं नाव झालं ते पॉजमुळं. ऐन वाक्याच्या तोंडाशी लटारू थांबायचा. मान जराशी डावीकडं कलायची, डोळे मोठे व्हायचे, ओठ अर्धे उघडे राहायचे आणि सगळा मांडव श्वास धरून बसायचा. नागभीडकडं एकदा एक म्हातारी उठून उभी राहिली आणि हुंदके देत म्हणाली, "बोल ना रे बाबा एकदाचा, जीव चालला माहा!" पुढच्या वर्षी जाहिरातीत छापून आलं – पॉजचा बादशहा, लटारू निकुरे.

आता आतली गोष्ट ऐका. लटारूनं एकतीस वर्षांत एकही नाटक पाठ केलं नव्हतं. विंगेत सुकलू मेश्राम वही घेऊन बसायचा. सुकलू एक वाक्य कुजबुजायचा आणि लटारू ते उचलून पब्लिकवर फेकायचा. या सुकलूच्या तोंडात चोवीस तास खर्रा. सुपारी आणि तंबाखूचा तो तोबरा थुंकायला सुकलू मागं वळला की वाक्य लांबायचं. तेवढा वेळ लटारूला उभं राहावंच लागायचं. तो जो पॉज होता ना, ती सुकलूची पिचकारी होती. आणि नागभीडची म्हातारी रडली त्या दिवशी वहीचं पान वाऱ्यानं उडालं होतं आणि सुकलू विंगेत चार पायांवर ते शोधत होता.

हे गुपित तिघांनाच ठाऊक. लटारूला, सुकलूला आणि इंदुबाईला. इंदुबाईनं ते कोणाला सांगितलं नाही. भांडणात कामी येईल म्हणून ठेवून दिलं.

तर यंदा गणपतीत कंपनीचा मालक नथ्थू बोरकुटे याच्याकडं लटारू वडशाला गेला. हंगामाची कामं वाटणं चाललं होतं. नथ्थूनं चहा मागवला, बिस्किटं मागवली. मालक बिस्किटं मागवतो म्हणजे काहीतरी वाईट सांगणार, हे लटारूनं तिथंच ओळखायला हवं होतं.

"लटारूभाऊ, यंदा तुमच्यासाठी हलकं काम ठेवलो. नायकाचा बाप."

"हलकं कसं म्हन्ता? बापाचं काम भारी राह्यते."

"यातला बाप पयलेच मेला आहे. भिंतीवर हार घातलेला फोटो राहीन, तो तुमचा."

लटारूनं बिस्कीट चहात धरलं ते तिथंच विरघळून खाली गेलं. "अन् मंग?"

"मंग काई नाई. पन तीनही अंक आहे फोटो! मधात काढत नाई."

"अन् डायलॉग?"

"भाऊ, फोटो कसा बोलन?" नथ्थूनं समजुतीच्या सुरात सांगितलं. "राग नका मानू. आता साऱ्यायच्या कॉलरले माईक आहे. मागच्या साली तुम्ही ओरडले अन् साउंडवाला कानाले हात लावून जो खाली बसला, तो जेवाले बी आला नाई. पब्लिकले आता हळू बोलनं पायजे. काई नवीन करून दाखवा, मंग पाहू."

लटारू घरी आला आणि दोन दिवस बोलला नाही. गावात चौकशी झाली की लटारू परगावी गेला की काय.

तिसऱ्या दिवशी भाची आली. दिव्यानी, त्याच्या धाकट्या बहिणीची पोरगी. पुण्याला सिनेमा शिकली होती आणि आता दहा मिनिटांची फिल्म करणार होती. गोष्ट एवढीशी : म्हाताऱ्याचा पोरगा हैदराबादला कामाला. धान कापायला आलंय. दिवाळीला पोरगा येणार म्हणून म्हातारा वाट पाहतो, आणि येणं जमत नाही असा पोराचा फोन येतो.

"मामाजी, तुम्हीच करा म्हाताऱ्याचं काम."

"डायलॉग किती?"

"एक."

"एक पान?"

"एक वाक्य. पोरगा म्हणतो जमत नाही, तेव्हा म्हातारा म्हणतो, 'ये सवडीनं. धान कुठी पळून जात नाई.' बस. फिल्म संपली."

लटारूनं ते वाक्य तोंडात घोळवून पाहिलं. त्यात कुठंही दात रोवायला जागा नव्हती. "याच्यात 'अरे काळजाच्या तुकड्या' असं काई टाकता येत नाई?"

"नाही."

पण रात्रभर त्यानं विचार केला. वाक्य एक असलं तरी शेवटचं आहे, आणि फिल्म म्हणजे ती मोबाईलवर जाणार. नथ्थूच्या नाकासमोर धरता येईल. म्हणावं, बघ फोटो बोलतो की नाही! त्या एका वाक्यावर यंदाचा हंगाम टांगलेला होता. सकाळी त्यानं होकार दिला, आणि अर्थातच तो गावानं ऐकला.

दसऱ्यानंतर शूटिंग ठरलं. जागा लटारूचीच, बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, मोहाच्या झाडाखाली खाट टाकलेली. कॅमेरा चिमूरच्या आकिबचा. आकिब लग्नाचं शूटिंग करायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला वरोऱ्याला एका निकाहचं काम होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते सूर्य बुडायच्या आत.

लटारू आला तो गालांना लाली, भुवयांना काजळ आणि डोक्यावर पांढरा टोप लावून. त्याचे स्वतःचे केस पांढरेच होते, पण ते नाटकातल्यासारखे पांढरे नव्हते.

"मामाजी, हे काय?"

"म्हातारा."

"तुम्ही त्रेसष्ट वर्षांचे आहात!"

"पन दिसत नाई ना," लटारू म्हणाला. मागून इंदुबाईनं तांब्याभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं. "धुवा थोबाड. दिसून राह्यले चांगले."

पहिला शॉट झाला. दिव्यानी कॅमेऱ्यामागून पोराचं वाक्य बोलली, "बाबा, दिवाळीले येनं होत नाई." लटारू ताडकन उठला, फोन खाटेवर फेकला, कॅमेऱ्याकडं दोन पावलं चालत आला आणि हात पसरून म्हणाला, "ये सवडीनंऽऽ!" आकिबनं हेडफोन काढून फेकला. बगळे उडाले. पलीकडच्या रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली आणि तिच्यावरचा माणूस म्हणाला, "कोन बलावते मले?"

"चाचा, मेरे कान!" आकिब कान चोळत म्हणाला. "माईक तुमच्या बनियनमध्ये आहे ना. इतकं कायले ओरडता?"

"मागच्या रांगेले ऐकू जाले पायजे का नाई?"

"मागच्या रांगेत मी एकटाच आहे, अन् पुढच्याही."

दिव्यानीनं मामाला खाटेवर बसवलं. पोराशी फोनवर बोलायचं, कॅमेऱ्याशी नाही. उठायचं नाही. हात पसरायचे नाहीत. लटारूनं पुन्हा केलं. कमी करा, ती म्हणाली. त्यानं कमी केलं. अजून कमी. त्यानं अजून कमी केलं. अजून थोडं, मामाजी. आता लटारू चिडला. "अवो पोरी, कमी कमी करत तू मले फोटोवर आनून ठेवशीन! ते काम तं मले वडशालेच भेटत होतं!"

आणि आवाज कमी केला की वाक्यच जायचं. एकदा "धान सवडीनं ये" झालं. एकदा "पळून ये, धान जात नाई" झालं. सात वेळा झालं आणि आठव्यांदा लटारूनं फर्मान काढलं, "सुकलूले बलाव. वाक्य देनारा नसला तं मी उभा राहू शकत नाई."

"तुम्हाला उभं राहायचंच नाही, मामाजी, बसायचंय. आणि सातच शब्द आहेत!"

"शब्द किती याचा प्रश्न नाई. देल्ले पायजेत."

सुकलू आला. हाडकुळा, गालात खर्रा, काखेत वही. एक वाक्य त्यानं किडमिड्या अक्षरात वहीत उतरवून घेतलं, खाटेखाली शिरला आणि तिथं पालथा पसरला. एकतीस वर्षांत त्याला एवढी ऐसपैस विंग मिळाली नव्हती.

शॉट सुरू झाला. पोराचं वाक्य झालं. खाटेखालून सुकलूनं कुजबुज सोडली आणि लटारूनं ती अगदी हळू आवाजात उचलली, "ये सवडीनं. धान कुठी पळून जात नाई. डोळे पुसतो."

"कट!" दिव्यानी म्हणाली. "मामाजी, 'डोळे पुसतो' कंसात आहे. ते करायचं आहे, बोलायचं नाही."

लटारू वाकून खाटेखाली ओरडला, "काऊन बे? कंस काऊन वाचला?"

"वहीत आहे ना, भाऊ," सुकलू शांतपणे म्हणाला. "मी लिहिलं ते वाचतो. काय घ्यायचं ते तुम्ही पाहा."

पुढच्या टेकला आकिबनं हात वर केला. खाटेखालचा आवाज माईकमध्ये येत होता. सुकलूची कुजबुज म्हणजे साधी कुजबुज नव्हती. ढोलकी वाजत असताना विंगेतून स्टेजच्या मधोमध पोचवायची तिला सवय होती. दिव्यानीनं कपाळाला हात लावला. ऊन तांबूस व्हायला लागलं होतं. "एक शेवटचा करू," ती म्हणाली. "सुकलूकाका, जमेल तेवढं हळू."

"बाबा, दिवाळीले येनं होत नाई."

आणि वाक्य आलंच नाही.

झालं होतं काय, तर हळू बोलायचं म्हणून सुकलूनं तोंडातला तोबरा थुंकायचं ठरवलं. पण खाटेखालून थुंकायचं कुठं? समोर लटारूचे पाय, उजवीकडं आकिबची पेटी, डावीकडं इंदुबाईनं ठेवलेला पाण्याचा गुंड. तो बिचारा गाल फुगवून चारी दिशा पाहत बसला.

वर लटारू थांबला होता. फोन कानाला, मान जराशी डावीकडं, खाली, कुठून तरी काहीतरी येईल म्हणून कान लावलेला. आता येईल. आता आलं. नाही आलं. डोळ्यांत आशा उठली, मग भीती, मग पुन्हा आशा. ओठ हलले आणि मिटले. आकिब हेडफोनवर हात ठेवून जसाच्या तसा राहिला. दिव्यानीच्या तोंडात "कट" होतं, ते तिनं गिळलं. मागं इंदुबाई उभी होती. ती आपल्या नवऱ्याकडं अशी पाहत होती, जसं काही हा माणूस तिच्या घरी कधी आलाच नव्हता.

शेवटी सुकलूनं तो सगळा माल सरळ गिळून टाकला आणि वाक्य दिलं. लटारूनं श्वास भरला, तोंड उघडलं –

"कट! झालं!" दिव्यानीनं टाळ्या वाजवल्या.

"झालं काय? बोललो कुठी मी?"

"नको बोलायला, मामाजी. आता काही बोलायला नको."

"म्हंजे? डायलॉग?"

तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि पुण्याला शिकलेला शब्द वापरला. "एडिटिंगमध्ये पाहते."

लटारूचं समाधान झालं. नाटकात राहिलेलं वाक्य पुढच्या प्रवेशात घुसवतात, तसंच हे एडिटिंग असणार. घरी जाताना त्यानं सुकलूला सांगितलं, "टाकते ते. पुन्यातून डायलॉग टाकून आनते." सुकलूला उचकी लागली होती.

पुढचे पंधरा दिवस लटारूनं गावात तेच सांगितलं. पहिल्यांदा फिल्म गावातच दाखवायची असं दिव्यानीनं कबूल केलं होतं. लटारूनं वडशाला जाऊन नथ्थूला स्वतः आमंत्रण दिलं. "या. तुमचा फोटो बोलते कसा ते ऐकाले या."

दिवाळीच्या चार दिवस आधी, दुपारी, ग्रामपंचायतीच्या सभागृहाच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधून अंधार केला. पडदा म्हणून इंदुबाईची चादर. पहिल्या रांगेत नथ्थू, त्याच्या बाजूला लटारू, लटारूच्या मागच्या खुर्चीवर सुकलू. जिथं लटारू तिथं मागं सुकलू, हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

फिल्म सुरू झाली. स्वतःचा बैल दिसला म्हणून एक जण ओरडला, त्याला गप्प केलं. मग खाट आली, फोन वाजला, पोरगा बोलला, आणि अख्ख्या चादरीभर लटारूचा चेहरा आला. तो थांबला होता. लोक थांबले. सोनीबाई नावाची एक म्हातारी होती, तिचा पोरगा खरंच हैदराबादला होता. तिनं पदर तोंडात धरला.

खुर्चीवर खरा लटारू पुढं सरकला. आता येईल वाक्य. आता टाकलं असेल पोरीनं. आता.

पडद्यावरचा लटारू ओठ हलवून मिटत होता, खुर्चीतल्याचेही ओठ हलत होते, आणि मागं बसलेल्या सुकलूला ते सहन झालं नाही. एकतीस वर्षांची सवय! भाऊ अडकला की वाक्य द्यायचं. तो पुढं वाकला आणि त्यानं त्या शांततेत वाक्य सोडलं.

"ये सवडीनं. धान कुठी पळून जात नाई."

सगळ्या सभागृहात ते पोचलं. त्याच क्षणी पडद्यावर अंधार झाला आणि नावं यायला लागली. लोकांना वाटलं, म्हातारा मनातल्या मनात बोलला. सोनीबाई मोठ्यानं रडायला लागली. दिव्यानी मागं प्रोजेक्टरजवळ उभी होती, ती तोंड उघडं ठेवून पाहत राहिली, कारण तिनं तर वाक्य काढून टाकलं होतं.

दिवे लागले. नथ्थू उठला आणि त्यानं लटारूचे दोन्ही हात धरले. "भाऊ! अरे काय आवाज लावलात! एवढं हळू! आन् तरी शेवटच्या मानसाले ऐकू गेलं! मी उगाच तुमाले भिंतीवर लटकवत होतो. यंदा बापाले जिता करतो. तीनही अंक बोलाचं. फक्त याच आवाजात. एकदा म्हना पाहू पुन्हा, साऱ्यायसमोर."

हंगाम समोर उभा होता, हात धरून. लटारूनं तोंड उघडलं. तसा आवाज त्याच्या गळ्यात नव्हता, हे त्याला माहीत होतं. पण सर्दी झाली, घसा बसला, वडशाला आल्यावर म्हणतो, असं सांगता आलं असतं. नथ्थूनं मानलंही असतं. त्यानं मागं वळून पाहिलं. सुकलू आपल्या चपलांकडं पाहत होता आणि हळूहळू खुर्ची सरकवून दाराकडं निघाला होता, वाक्य दिल्यावर नेहमी अंधारात सरकायचा तसा.

इंदुबाई लांबून नवऱ्याकडं पाहत होती. तिनं ठेवून दिलेलं हत्यार आज काढलं असतं तर चाललं असतं. तिनं काढलं नाही.

"थांब बे सुकलू," लटारू म्हणाला आणि सुकलू थांबला, कारण त्या आवाजापुढं कोणीही थांबतं. "मालक, तो आवाज माहा नोय. याचा आहे. पडद्यावर थोबाड माहं आहे, बोलला हा. अन् सांगाचंच तं सारं सांगतो. तो पॉज बी याचाच व्हता. हा थुंके तवा मी थांबो."

सभागृहातल्या सगळ्या माना सुकलूकडं वळल्या. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसले. सुकलूचा चेहरा असा झाला, जणू भर रस्त्यात त्याचं धोतर कोणी ओढलंय.

नथ्थू व्यवहारी माणूस. त्यानं लटारूचे हात सोडले आणि सुकलूचे धरले. "मंग बापाचं काम तुमी करा, सुकलूभाऊ."

"मी?" सुकलू म्हणाला. "पन मालक, मंग वाक्य कोन देईन?"

हा प्रश्न अख्ख्या वडशात कोणाला सुटणारा नव्हता. कंपनीची सगळी नाटकं सुकलूच्या वहीत आणि सुकलूचं अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नाही. लागत होतं एकाला. एकतीस वर्षं ज्यानं ती वही विंगेत उघडी पाहिली, त्याला.

दिवाळी झाली आणि वडशाला तालीम सुरू झाली. सुकलू गालातला खर्रा बाहेर ठेवून स्टेजच्या मध्ये उभा, अंग चोरून, पण बोलायला लागला की माणसं ऐकत राहायची. आणि विंगेत वही मांडीवर घेऊन लटारू. त्याला नथ्थूनं बजावून ठेवलं होतं, हळू. लटारूच्या हिशेबानं तो हळूच बोलत होता. पहिल्या अंकातलं बापाचं वाक्य त्यानं दिलं, नायकाचं दिलं, खलनायकाचं दिलं, दारात आलेल्या पोस्टमनचंही दिलं. आजवर त्याच्या वाट्याला एकाचे डायलॉग यायचे, आता सगळ्यांचे आले होते. बाहेर पानठेल्यावरची गर्दी हलली आणि तालमीच्या दाराशी येऊन ऐकत उभी राहिली.

मग नायिकेचा प्रवेश आला. "बाबा, मला घराबाहेर काढू नका होऽऽ!" लटारू विंगेतून असा काही बोलला, की दाराशी उभ्या एका पानवाल्यानं डोळे पुसले.

नायिकेचं काम करणारी रंजीता स्टेजवरून खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून विंगेत येऊन उभी राहिली. "काकाजी, ते वाक्य माहं आहे. मले बोलू द्यान का नाई?"

लटारूनं पान उलटलं. "बोल ना बाई, मी कुठी अडवून राह्यलो? फक्त माह्या मागून बोल."